सदस्य क्रमांक सतरा

१९९४ च्या जुलैत कुंदा झोपेला पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं जाड पाकीट आलं. ती तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होती. वय बत्तीस, लग्न झालेलं नव्हतं, घरी ती आणि आई, दोघीच. पाकिटावर संस्थेचं नाव वाचून तिने ते स्टाफरूममध्ये न फोडता घरी आणलं, कारण त्याच संस्थेच्या पाहणीसाठी आठ वर्षांपूर्वी ती साक्री तालुक्यात गावोगाव हिंडली होती. त्या हिंडण्याची आठवण तिला चारचौघांत बसून चाळायची नव्हती.

पत्र डॉ. यशोदा राजहंस यांचं होतं. आजारपणाचा घरावर किती भार पडतो याचा अभ्यास राज्यात जो तो आपापल्या पद्धतीने करतो. कुणी महिन्याभरातलं आजारपण विचारतो, कुणी वर्षभरातलं. कुणी औषधांवरच थांबतो, कुणी बुडालेली मजुरीही धरतो. त्यामुळे एका अभ्यासाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवता येत नाही. तेव्हा हे काम केलेल्या बावीस जणांनी मिळून चांगल्या पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना तयार कराव्यात, असं यशोदाबाईंनी लिहिलं होतं. सोबत एक्केचाळीस विधानांची यादी होती. प्रत्येक विधानाला एक ते नऊपैकी गुण द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा. सगळ्यांचे शेरे टाइप करून पुन्हा सगळ्यांना पाठवले जाणार होते, पण नावं न देता. मोठ्या नावाला बघून कुणी आपलं मत बदलू नये म्हणून प्रत्येकाला फक्त क्रमांक होता. कुंदाचा क्रमांक होता सहा.

तिने आठवड्याभरात यादी भरून पाठवली. शेरे मोजकेच लिहिले.

सप्टेंबरात दुसरी फेरी आली. कुंदा कागद उलटत होती. नववं विधान असं होतं, की आजारपणाची माहिती तारखेनिशी घ्यावी. त्याखाली सदस्य सतराचा शेरा होता: 'तारीख विचारली तर माणूस अंदाजपंचे सांगतो. बाजार विचारा. दवाखान्यात गेलात त्याला किती बाजार झाले म्हटलं, की बोटांवर मोजून बरोबर सांगतात.'

कुंदा थांबली. तिने पुढची पानं भराभर उलटून सतरा नंबरचा शेरा शोधला. चौदाव्या विधानाखाली तो पुन्हा होता. विधान होतं, रुग्णासोबत आलेल्या माणसाचा गेलेला वेळही नोंदवावा. सतराने लिहिलं होतं: 'सोबत कोण आलं ते विचाराच. पण घरी कोण थांबलं, तेही विचारा. शून्य लिहिण्याआधी एकदा विचारून बघा.'

हे बोलणं कुणाचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

*

लोटन भामरे साक्रीकडचाच. १९८६ च्या पाहणीत संस्थेने दोघांची जोडी लावली होती, कारण बायकांशी बोलायला बाई हवी आणि त्या भागाची माहितीही हवी. कुंदा फैजपूरकडची, केळीच्या बागांमधली. ती घरात लेवा पाटलांची बोली बोलायची. साक्रीकडच्या बायका अहिराणीत 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठा' म्हणायला लागल्या की पहिले काही दिवस ती नुसती मान हलवायची. लोटन तिला रस्त्याने चालता चालता शिकवायचा. "तुमना संगे कोण ऊनं व्हतं? म्हणा बघू." ती म्हणायची, तो हसायचा, आणि मग पुढच्या गावापर्यंत 'तुमच्याबरोबर कोण आलं होतं' याचं ते अहिराणी वाक्य ती घोकत जायची.

आठवडी बाजारांवरून दिवस मोजायची युक्ती त्याचीच. छापील फॉर्मवर तारखेचा रकाना होता. पहिल्या दहा घरांत कुणालाच तारीख सांगता आली नाही. अकराव्या घरात लोटनने विचारलं, "त्याले किती बाजार व्हयनात?" आणि म्हातारीने धडाधड सांगितलं. त्या संध्याकाळी दोघांनी बसून बाजारांचं एक कॅलेंडरच आखलं, त्यात पोळा, अक्षय्य तृतीया, कानुबाईचे रोट असे सगळे सण घातले. पाहणी संपेपर्यंत ते दोघांच्याही पिशवीत असायचं.

आणि मंजुळाबाई. तिचा नवरा पुना पाच महिने धुळ्याला क्षयाच्या दवाखान्यात होता. औषधं सरकारी, फुकट. मंजुळाबाई सोबत गेली नव्हती, घरी आंधळी सासू आणि दोन म्हशी होत्या. कुंदाने फॉर्म भरला. सोबतचा माणूस: कोणी नाही. घरच्या माणसाचा गेलेला वेळ: शून्य. रिवाजाप्रमाणे तिने सगळं वाचून दाखवलं.

मंजुळाबाई म्हणाली, "सून्य कसं लिखं, बाई? मी रोज सांजले फाटावर जास. येष्टी येस तवलोंग उभी राहस. कोणी उतरनं का ते देखस, आणि घर येस."

"रोज?"

"रोज. पाच महिना."

फॉर्मवर असा रकानाच नव्हता. लोटनने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि समासात लिहिलं: रोज एक तास, दीडशे दिवस. परतताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.

"वाट बघणं कोणी मोजत नाही, लोटन. उद्या सगळेच सांगतील आम्ही वाट बघितली."

"मग सगळ्यांचं लिहायचं."

"पुण्याला हसतील."

"हसू देत. आपण विचारलं नाही म्हणून तिथे शून्य आहे. तिच्याकडे शून्य नाहीये."

पुण्याला हसलं कुणीच नाही. अहवाल निघाला तेव्हा समासातलं तेवढं गळालं होतं, इतकंच.

पाहणी १९८७ च्या एप्रिलात संपली. कुंदा धुळ्याहून पॅसेंजरने चाळीसगावला आणि तिथून गाडी बदलून घरी जाणार होती. लोटनचं चाळीसगावला काही काम नव्हतं, तरी तो तिच्याबरोबर आला. फलाटावर त्याने सरळ विचारलं, "घरी विचारशील?"

ती म्हणाली, "पत्राने कळवते."

घरी थोरल्या बहिणीचं लग्न ठरत होतं. लोटन साक्रीकडचा पाटील, म्हणजे जात वेगळी, बोली वेगळी. वडील जीवराम झोपे शांत माणूस, पण भाऊबंदांत त्यांना मान खाली घालायला लावायचा धीर कुंदाला झाला नाही. होकार लिहिण्याची हिंमत नव्हती आणि नकार लिहायला हात उठेना. तिने कितीदा तरी पत्र सुरू केलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. वर्ष उलटल्यावर तिला वाटलं, आता लिहिलं तर तो विचारेल की इतके दिवस काय केलंस, आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. पुढे आलेली दोन स्थळं तिने काही ना काही खोट काढून परत पाठवली. १९९१ साली वडील वारले. ती आईला घेऊन जळगावात राहायला आली.

*

दुसऱ्या फेरीचे कागद तिच्या टेबलावर पंधरा दिवस पडून होते. रोज ती ते काढायची, चौदावं विधान वाचायची आणि ठेवून द्यायची. शेवटी एका रविवारी तिने त्याखाली लिहिलं: 'सदस्य सतरा यांचं म्हणणं मला पटतं. १९८६ साली साक्रीजवळच्या एका गावात एका बाईच्या फॉर्मवर मी शून्य लिहिलं होतं. ते चूक होतं. हे कबूल करायला मला फार उशीर झाला, याचं वाईट वाटतं.'

लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं. मार्गदर्शक सूचनांच्या कागदावर 'वाईट वाटतं' असं कोणी लिहीत नाही. तरी तिने ते खोडलं नाही.

त्यानंतरचा दीड महिना ती पोस्टमनच्या वेळेला घरी असायची. कॉलेजातून लवकर निघायला कारणं शोधायची. आई इंदिराबाई एकदा म्हणाली, "कोनाचं पत्र येनार हाय का?" कुंदा म्हणाली, "संस्थेचं." ते खोटं नव्हतं.

तिसरी फेरी नोव्हेंबरात आली. तिने दारातच पाकीट फाडलं. चौदाव्या विधानाखाली, तिच्या शेऱ्याला लागून, सतराचं उत्तर होतं: 'सदस्य सहा यांनी मोकळेपणाने लिहिलं, बरं वाटलं. उशीर झाला तरी चालेल. सूचना अजून छापलेल्या नाहीत.'

कुंदा कितीतरी वेळ उंबऱ्यातच उभी होती. आईने आतून हाक मारली तेव्हा तिच्या लक्षात आलं की चपला अजून पायातच आहेत.

शेवटची बैठक जानेवारीत धुळ्याला ठेवली होती. ज्या भागात अशी पाहणी पहिल्यांदा झाली, तिथेच बसून सूचना पक्क्या करू, असं यशोदाबाईंचं म्हणणं. कुंदाने बैठकीसाठी मोरपंखी साडी काढली, मग ती घडी करून ठेवून दिली, मग पुन्हा काढली. पहाटेच्या बसने ती निघाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. तो आता कसा दिसत असेल, बोलताना पहिल्यासारखा मधेच थांबत असेल का, 'कुंदा' म्हणेल की 'मॅडम' म्हणेल, एवढ्याच विचारात धुळं आलं.

कॉलेजच्या सभागृहात ती सगळ्यांच्या आधी पोचली. एकेक सदस्य येत गेला. तिची नजर दाराकडेच होती. एकवीस जण झाले, यशोदाबाईंनी काम सुरू केलं, तरी लोटन आला नाही. बाविसावी खुर्ची जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिकामीच होती. जेवणानंतर नागपूरचे कुणी डॉक्टर धापा टाकत आले, गाडी चुकली म्हणाले आणि त्या खुर्चीवर बसले.

चौदावं विधान दुपारी निघालं. आकडेशास्त्राचे प्राध्यापक धनसिंग राजपूत यांचा त्याला विरोध होता, आणि तो उगाचचा नव्हता.

"सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते, ती धरा. पण घरी थांबलेल्या माणसाचं काय मोजणार? एक जण तासभर सांगेल, दुसरा दिवसभर. अशी बेरीज केली तर दोन गावांचा आकडा जुळणार नाही. आणि तो जुळावा म्हणूनच तर आपण जमलो आहोत. हे सतरा नंबरचे जे कोणी असतील, त्यांनी सांगावं कसं मोजायचं ते."

मागच्या रांगेतून एक बाई उठली. पन्नाशीची, जाड काचांचा चष्मा, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाया वापरतात तशी पांढरी साडी.

"ते मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "बेबाबाई अहिरे. साक्रीकडे क्षयरोगाच्या कामाला आहे मी. वीस वर्षं झाली."

कुंदाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या कागदाकडे. कागदावर तीच अक्षरं होती, आणि ती आता कुणा दुसऱ्याची झाली होती. बेबाबाई काय बोलली ते अर्धंच तिला ऐकू आलं.

"मोजायचं कसं ते मला नाही सांगता यायचं, सर. मी मोठं शिकलेली नाही. पण जे पेशंट औषध अर्धवट सोडतात ना, त्यांच्या घरी गेलं की कळतं. मागे घर खचत असतं. आपण पेशंटलाच विचारत बसतो."

"अनुभव ठीक आहे, बाई," राजपूत म्हणाले, "पण त्यावर सूचना कशी लिहायची?"

बेबाबाई खाली बसायला लागली. तेव्हा कुंदा उठली. आपण उठलो कधी, हे तिलाच कळलं नाही.

"बेरजेत घेऊ नका," ती म्हणाली. "राजपूत सरांचं बरोबर आहे, रुपयांत धरलं तर आकडे बिघडतील. पण विचारा, आणि वेगळ्या रकान्यात लिहा. आज आपल्या फॉर्मवर शून्य दिसतं, तेव्हा त्या घरात खरंच कुणाचा वेळ गेला नाही की आपण विचारलंच नाही, हे कळायला मार्ग नाही. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निदान त्या वेगळ्या लिहायची सूचना तरी आपण देऊ शकतो."

राजपूत जरा वेळ पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. "वेगळा रकाना," ते म्हणाले. "आणि 'विचारलं नाही' याची स्वतंत्र खूण. हे चालेल मला."

गुण मोजले. बावीसपैकी एकोणीस जणांनी सात किंवा वर दिले होते. यशोदाबाईंनी विधानापुढे बरोबरची खूण केली आणि पंधरावं काढलं.

*

चहाच्या वेळी कुंदाने बेबाबाईला व्हरांड्यात गाठलं.

"बाजाराचं ते... तुम्हाला कसं सुचलं?"

"मला कुठलं सुचतंय, ताई! आमच्याकडे लोटनभाऊ होते ना, लोटन भामरे. चार वर्षं हंगामी होते, रजिस्टर सांभाळायचे. त्यांनीच शिकवलं सगळं. घरी कोण थांबलं ते विचार, म्हणून मागेच लागायचे."

"आता कुठे असतात?"

"गुजरातेत, व्याऱ्याला. इथे काही त्यांना पक्कं केलं नाही. मग लग्न झालं, सासऱ्याचं औषधांचं दुकान आहे, ते बघतात. दोन मुली आहेत."

कुंदाने कप कठड्यावर ठेवला. "त्यांनी कधी..." ती थांबली. "पाहणीच्या दिवसांचं काही बोलायचे?"

"बोलायचे की. म्हणायचे, ही पद्धत आम्ही दोघांनी मिळून बसवली. दरवेळी 'आम्ही दोघांनी'च म्हणायचे. नाव नाही कधी काढलं. मला आपलं वाटायचं, दुसरा कोणी पुरुष असेल." बेबाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "तुम्ही होता का, ताई?"

कुंदाने होकारार्थी मान हलवली.

बेबाबाईने पर्स उघडून एक डायरी काढली. "पत्ता देऊ का? दिवाळीला कार्ड येतं त्यांचं."

कुंदा डायरीच्या उघड्या पानाकडे बघत राहिली. एवढ्या अंतरावरूनही अक्षर दिसत होतं, बेबाबाईचं, गोल गोल. हात पुढे केला असता तर पत्ता मिळालाच असता.

"नको," ती म्हणाली. "सूचनांचं पुस्तक निघालं की एक प्रत त्यांना पाठवा. तुमच्याकडून."

"पाठवते."

मग कुंदाने विचारलं, "केस पिकले का त्यांचे?"

"पिकताहेत कुठले? गेलेच सगळे! पार तुळतुळीत!"

कुंदाला एकदम हसू फुटलं. ती हसत राहिली, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. बेबाबाईने तिची पाठ दाराकडे वळवली आणि आतल्यांना ती दिसणार नाही अशी स्वतः मध्ये उभी राहिली.

पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात निघालं, चौसष्ट पानांचं, पिवळ्या कव्हराचं. सदस्यांची नावं अकारविल्हे छापली होती, त्यात बेबाबाई अहिरे आणि कुंदा झोपे यांच्यामध्ये बरीच नावं होती. लोटन भामरे हे नाव त्यात कुठेच नव्हतं. जामनेरकडच्या एका पाहणीत नवा फॉर्म पहिल्यांदा वापरला गेला. व्याऱ्याची प्रत पोचल्याचं बेबाबाईने कार्डावर कळवलं. त्यावर तिकडून काय आलं, ते तिने लिहिलं नाही आणि कुंदाने विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी इंदिराबाई अंगणात काड्यांवर भरताची वांगी भाजत बसल्या होत्या. कुंदा शेजारी पाटावर बसून होती. काही विषय नसताना तिने आईला सांगायला सुरुवात केली. साक्रीचं, पाहणीचं, चाळीसगावच्या फलाटाचं. सगळं सांगून झालं तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं.

इंदिराबाईंनी निखाऱ्यांवरचं वांगं उलटलं.

"मंग तवा काब्र नाही सांगलं मले?"

"तू हो म्हटलं असतंस, आई?"

इंदिराबाईंनी खरोखर विचार केला. "नसतं म्हटलं," त्या म्हणाल्या. "तुह्या बापानं तर नसतंच म्हटलं." मग काडीने निखारे सारखे करत म्हणाल्या, "पन सांगाचं होतं मले."

कुंदाने खाली पाहिलं.

"कसा होता दिसाले?"

कुंदा सांगू लागली. उंच होता, जरा पुढे वाकून चालायचा, उन्हात कपाळावर रुमाल बांधायचा. बोलता बोलता मध्येच थांबायचा, शब्द शोधल्यासारखा. इंदिराबाई ऐकत होत्या.

"आनि डोये?"

कुंदाने तोंड उघडलं. डोळे तिला नीट आठवेनात. काळे होते की तपकिरी, मोठे की लहान, ती अंगणाकडे बघत आठवत राहिली, आणि आई वांगं हातात धरून ती सांगण्याची वाट बघत थांबली.